चार राजांच्या बेटांवर देवाचा पक्षी

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. गाम बेटावरचे साविंग्राय हे छोटेसे गाव अजून काळोखात आहे. समुद्राच्या पाण्यात खांब रोवून बांधलेल्या एका लाकडी घराचे दार उघडते, बॅटरीचा झोत पडतो आणि पुढे वाटाड्या, मागे पाहुणे अशी लहानशी रांग गावामागच्या टेकडीकडे निघते. चढण फार मोठी नाही, पण चुनखडीचे धारदार दगड, ओली मुळे आणि निसरडी माती यांमुळे प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते. वर पोहोचल्यावर वाटाड्या खुणेने गप्प राहायला सांगतो. मग वाट पाहण्याखेरीज दुसरे काही करायचे नसते.

सहाच्या सुमारास पूर्व उजळते. (त्या वेळी भारतात पहाटेचे अडीच वाजलेले असतात!) आणि उंच झाडाच्या एका निष्पर्ण फांदीवरून खणखणीत आवाज येतो, 'वाक्... वाक्... वाक्!' पहिला नर आलेला असतो. पाठोपाठ दुसरा येतो, तिसरा येतो. उजेड वाढत जातो तसे रंग दिसू लागतात. पाचूसारखा हिरवागार चेहरा, डोळ्यांच्या वर हिरव्याच पिसांचे दोन चिमुकले गोंडे, गळ्याभोवती पिवळी शाल पांघरल्यासारखा रंग, तपकिरी पंख आणि त्या पंखांखालून दोन्ही बगलांतून उसळलेली गडद लाल पिसे. शेपटीतून निघालेल्या दोन काळ्याभोर, लांबलचक फिती खाली वळणे घेत लोंबत असतात. हा आहे लाल स्वर्गपक्षी. मैनेपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान.

नाच सुरू होतो. नर पंख उघडून थरथरतात, फांदीवर इकडून तिकडे सरकतात, लाल पिसे फुलवतात, मध्येच डोके खाली करून लोंबकळल्यासारखे होतात आणि त्या उलट्या अवस्थेत क्षणभर अगदी निश्चल राहतात. हे सारे कोणासाठी? शेजारच्या पानांत एक साधीसुधी तपकिरी मादी येऊन बसलेली असते, तिच्यासाठी. आपल्याकडच्या दाखवण्याच्या कार्यक्रमाची आठवण व्हावी असाच हा प्रकार, फक्त भूमिका उलट्या. इथे नटूनथटून, नाचून दाखवायचे ते मुलाने आणि नापसंतीचा अधिकार मुलीचा. पुष्कळदा ती काही वेळ बघते आणि भुर्रकन उडून जाते. नर मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच फांदीवर हजर!

ज्याची निवड होते त्याचेही काम तिथेच संपते. घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिलांना भरवणे ही सगळी जबाबदारी मादी एकटीच पार पाडते. नराला हे वैभव अंगावर चढायलाही सहाएक वर्षे लागतात. तोवर तरुण नर मादीसारखेच साधे दिसतात आणि नाचाच्या झाडाभोवती घुटमळत थोरांचे पाहून सराव करतात.

नावात देवता

गाम, वायगेओ, बटांटा ही बेटे इंडोनेशियाच्या अगदी पूर्वेला, न्यू गिनी या प्रचंड बेटाच्या पश्चिम टोकाजवळ, विषुववृत्ताला लागून आहेत. या सगळ्या प्रदेशाचे नाव राजा अंपात. त्यातला 'राजा' हा आपलाच राजा, आणि 'अंपात' म्हणजे चार. वायगेओ, बटांटा, सालावाती आणि मिसूल ही चार मोठी बेटे आणि भोवती दीड हजारांवर लहानमोठी बेटे. स्थानिक लोककथा सांगते की एका स्त्रीला सात अंडी सापडली, त्यांतल्या चारांतून चार राजपुत्र जन्मले आणि त्यांनी ही बेटे वाटून घेतली.

राजापुरतेच हे शब्दांचे नाते थांबत नाही. इंडोनेशियात आज या पक्ष्याला 'चेंद्रावासिह' म्हणतात, पण जुने मलाय व्यापारी त्याला 'मानुक देवाता' म्हणत, म्हणजे देवाचा पक्षी. संस्कृतातली देवता भारतीय संस्कृतीबरोबर समुद्र ओलांडून मसाल्यांच्या बेटांपर्यंत पोहोचली आणि तिथे एका पाखराला चिकटली. आपल्या रानात दिसणाऱ्या, लांब पांढऱ्या शेपटीच्या स्वर्गीय नर्तकाशी मात्र वाचकांनी गल्लत करू नये. त्याचे कुळ निराळे. स्वर्गपक्ष्यांच्या कुळात चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक न्यू गिनी व आसपासच्या बेटांवरच सापडतात. गंमत अशी की शास्त्राच्या दृष्टीने हे कावळ्याच्या नात्यातले पक्षी आहेत. चुलतभावांच्या रूपात इतका फरक क्वचितच कुठे असेल!

देवाचा पक्षी हे नाव त्याला फार महागात पडले. मॅगेलनच्या मोहिमेतले 'व्हिक्टोरिया' हे जहाज पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ मध्ये स्पेनला परतले, तेव्हा त्यावर बाचान बेटाच्या सुलतानाने स्पेनच्या राजासाठी दिलेले स्वर्गपक्षी होते. अर्थात मेलेले, वाळवलेले. पुढे व्यापारात येणाऱ्या अशा पक्ष्यांचे पाय, आणि कित्येकदा पंखही, कापून टाकलेले असत. बेटांवरचे लोक कातडे धुरावर वाळवताना तसे करत, कारण गिऱ्हाइकाला हवी असत ती फक्त पिसे. युरोपातल्या विद्वानांनी मात्र त्यावरून निष्कर्ष काढला की या पक्ष्याला पायच नसतात! तो जन्मभर आकाशात तरंगतो, दवबिंदूंवर जगतो आणि फक्त मेल्यावरच जमिनीवर पडतो, असे गंभीरपणे लिहिले गेले. १७५८ मध्ये लिनियसने यातल्या एका जातीला शास्त्रीय नाव दिले तेही 'अपोडा', म्हणजे बिनपायाचा. ते नाव आजही कायम आहे.

थोडक्यात, सुमारे तीनशे वर्षे युरोपाने या पक्ष्याची अपार स्तुती केली ती त्याला जिवंत न पाहताच.

मुंबईची केळी

त्याला शोधत रानात राहिला तो आल्फ्रेड रसेल वॉलेस. डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा, पण कीर्तीच्या बाबतीत मागे राहिलेला हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५७ मध्ये आरू बेटांवर गेला. तिथे त्याने मोठ्या स्वर्गपक्ष्यांचा झाडावरचा सामुदायिक नाच टिपून ठेवला. तिथले शिकारी झाडावर पानांचा आडोसा करून लपत आणि नाचात दंग झालेल्या नरांना बोथट बाणांनी खाली पाडत. रक्त सांडून पिसे खराब होऊ नयेत म्हणून बोथट बाण!

वॉलेस स्वतःही पक्षी मारून त्यांची कातडी लंडनला पाठवत असे. त्याच्या प्रवासाचा खर्च त्याच विक्रीवर चाले. पण हाच माणूस एक चिमुकला राजस्वर्गपक्षी हातात घेऊन विचारात पडला होता की सुधारलेला माणूस या रानात आला की ज्या सौंदर्याचे कौतुक करायला तो एकटा समर्थ आहे, तेच तो संपवून टाकील. त्याचा आणखी एक विरोधाभास सांगण्यासारखा आहे. माद्या निवड करत गेल्या म्हणून नरांची पिसारी इतकी देखणी झाली, हे डार्विनचे म्हणणे. ते पुढे पटवून घ्यायला नकार देणाऱ्यांत हा नाच जवळून अभ्यासलेला वॉलेसच होता.

१८६२ मध्ये मायदेशी परतताना सिंगापूरला त्याला लहान स्वर्गपक्षी या जातीचे दोन जिवंत नर विकाऊ दिसले. किंमत शंभर पौंड, त्या काळी अतोनात. तरीही त्याने ते घेतले. भात, केळी आणि झुरळे हा त्या पाहुण्यांचा आहार. वाटेत वॉलेस मुंबईला आठवडाभर थांबला. थोडी विश्रांती, आणि पक्ष्यांसाठी केळ्यांचा ताजा साठा, ही दोन कारणे त्याने स्वतःच नोंदवून ठेवली आहेत. म्हणजे लंडनला सुखरूप पोहोचलेल्या त्या स्वर्गपक्ष्यांनी मुंबईच्या बाजारातली केळी खाल्ली होती! केळ्यांची सोय झाली, पण झुरळांचे काय? पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी इतक्या स्वच्छ की झुरळ मिळणे मुश्कील. बिचारा शास्त्रज्ञ रोज रात्री तासभर बोटीच्या कानाकोपऱ्यांत झुरळे शोधत हिंडे, तेव्हा कुठे जेमतेम एका जेवणापुरती मिळत. शेवटी माल्टात एका बेकरीत ती मुबलक सापडली आणि त्याने बिस्किटांचे कित्येक डबे झुरळांनी भरून घेतले. स्वयंपाकघरातल्या झुरळांनी हैराण झालेल्या आपल्या गृहिणींना हे वाचून काय वाटेल कोण जाणे!

ते दोन पक्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक-दोन वर्षे जगले आणि पिसारा फुलवून प्रेक्षकांना दाखवत राहिले.

बेसिरचे फासेकरी

पण वॉलेसची सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट या गाम बेटावरचीच आहे. १८६० मध्ये तो लाल स्वर्गपक्ष्यासाठी वायगेओला आला. सुरुवातीला घराजवळच्या एका फळलेल्या झाडावर पक्षी येत होते, फळे संपली आणि पक्षीही गेले. तेव्हा तो बेसिर या गावी गेला, कारण हे पक्षी पकडण्याची कला तिथल्याच आठ-दहा माणसांना अवगत होती. राहायला मिळाली ती इतकी बुटकी झोपडी की आत वाकूनच वावरावे लागे. खायचे हाल, अंगात अशक्तपणा, अशा स्थितीत तो तिथे सहा आठवडे राहिला.

बेसिरच्या लोकांची युक्ती आरूहून निराळी होती. अळूच्या कुळातल्या एका वेलीची लाल फळे या पक्ष्याला फार आवडतात. फासेकरी ते फळ एका दुबेळक्याच्या काठीला बांधी, भोवती दोरीचा फास रची आणि पक्षी नेहमी बसतो त्या फांदीला ते सगळे अडकवून दोरीचे टोक खाली जमिनीपर्यंत सोडी. मग खाली बसून वाट पाहायची. कधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कधी सलग दोन-तीन दिवस. पक्षी फळाला टोचा मारायला आला की पाय फासात आणि दोरीला एक हिसडा.

कोणता पक्षी कोणत्या झाडावर, कोणत्या फांदीवर, कोणत्या वेळी येतो हे ठाऊक असल्याशिवाय हे काम अशक्यच. त्या माणसांचे खरे भांडवल दोरी नव्हते, हे ज्ञान होते.

वॉलेसने त्यांच्यापुढे कुऱ्हाडी, सुऱ्या, मणी, रुमाल मांडले आणि पक्ष्यांच्या बदल्यात आगाऊ देऊन टाकले. लेखी करार नाही, साक्षीदार नाहीत. माणसे रानात पांगली. पकडलेले पक्षी जिवंत ठेवण्याचा त्याने खूप प्रयत्न केला, पिंजरा केला, फळे-भात-नाकतोडे दिले, पण दोन-तीन दिवसांत ते मरत. माणसांनी मात्र शब्द पाळला. एकाने सहा पक्ष्यांची उचल घेतली होती. त्याचा शेवटचा पक्षी येईना. वॉलेसचे सामान होडीत चढत असताना हा गृहस्थ धावत आला, हातातला पक्षी पुढे केला आणि आता आपले काही देणे राहिले नाही, असे मोठ्या समाधानाने म्हणाला. परदेशी पाहुणा पुन्हा कधी दिसणार नव्हता. तरीही तो धावत आला होता.

यानंतर जे घडले त्यात मात्र असा प्रामाणिकपणा दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या फॅशनेबल स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे, पंख, प्रसंगी अख्खे पक्षी मिरवू लागले. लंडनच्या लिलावांत स्वर्गपक्ष्यांच्या कातड्यांच्या राशी येत. हे थांबवायला पुढे आल्या त्याही स्त्रियाच. इंग्लंडमध्ये १८८९ मध्ये त्यांनी पक्षिरक्षणाची संस्था काढली. अमेरिकेने १९१३ मध्ये आणि ब्रिटनने १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर कायद्याने बंदी आणली. नेपाळच्या राजांच्या मुकुटावर डुलणारा तुराही स्वर्गपक्ष्याच्याच पिसांचा. २००८ मध्ये तिथली राजेशाही संपली आणि तो मुकुट आता काठमांडूच्या नारायणहिटी संग्रहालयात आहे. पलीकडच्या पापुआ न्यू गिनी देशाने मात्र या कुळातला एक पक्षी आपल्या झेंड्यावर घेतला. १९७१ मध्ये स्वीकारलेला तो झेंडा सुसान कारिके नावाच्या शाळकरी मुलीने रेखाटलेला आहे.

झाड तेच

आज इंडोनेशियात स्वर्गपक्षी पकडणे, मारणे, विकणे हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या पुस्तकापेक्षा साविंग्रायसारख्या गावात पक्षी सुरक्षित आहे तो वेगळ्या कारणाने. कोणत्या फांदीवर नर येतो हे ज्याला माहीत आहे, त्याच्यामागे आज पाहुणे पहाटे टेकडी चढतात. तो वाटाड्याचे पैसे घेतो, पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, तिथलाच मासा-भात जेवतात. न्यू गिनीच्या या भागात कालचे शिकारी आजचे वाटाडे झाल्याची उदाहरणे अनेक आहेत. ज्ञान तेच, झाड तेच, फक्त दोरी गेली. शिवाय नराचे नाचाचे झाड पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही असे जाणकार सांगतात, त्यामुळे ते झाड तोडणे म्हणजे गावाने स्वतःचीच मिळकत तोडणे.

हे चित्र सगळीकडे इतके सरळ नाही. पापुआतल्या अनेक जमातींत या पिसांचा मुकुट मानाचा, पवित्र मानला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये जयापुरा शहरात अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या वस्तूंबरोबर असे मुकुटही जाळले, तेव्हा लोक संतापून रस्त्यावर आले आणि वनखात्याला माफी मागावी लागली. पक्षी वाचवायचा म्हणजे ज्यांच्या रानात तो राहतो त्यांचा मान जाळायचा का, हा त्यांचा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही.

आणि पिसांपेक्षा मोठा धोका आता जमिनीखालून आला आहे. या बेटांच्या पोटात निकेल आहे आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी निकेलला मागणी आहे. लहान बेटावरचे रान खरवडले की माती पावसाबरोबर थेट प्रवाळांवर जाते. त्यामुळे नुकसान एकट्या पक्ष्याचे होत नाही, मासेमारीवर जगणाऱ्या गावांचेही होते. लोकांनी आवाज उठवल्यावर जून २०२५ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने राजा अंपातमधल्या पाच खाण कंपन्यांपैकी चारांचे परवाने रद्द केले. पाचवीचा राहिला. लाल स्वर्गपक्षी जगात फक्त वायगेओ, गाम, बटांटा आणि शेजारच्या एखाद-दुसऱ्या बेटावरच आहे. इथले रान गेले तर त्याला उडून जायला दुसरे घर नाही.

जायचे झाले तर जकार्ताहून विमानाने सोरोंग, तिथून फेरीबोटीने सुमारे दोन तासांत वायगेओ बेटावरचे वायसाइ आणि पुढे लहान होडी. सागरी उद्यानाचे प्रवेशशुल्क भरावे लागते, मलेरियाबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शाकाहारी मंडळींनी भात, भाजी, केळी यांवर भागवण्याची तयारी ठेवावी. पांढरे वा भडक कपडे टेकडीवर नकोत. आणि पक्षी त्या दिवशी आलाच नाही, तर वाटाड्यावर चिडू नये.

बेसिरच्या जागी आज येनबेसेर हे गाव आहे. तिथे वॉलेसच्या त्या बुटक्या झोपडीची प्रतिकृती उभारलेली आहे. ती पाहून वायगेओच्या रानात शिरले की आणखी एक नर्तक भेटतो, विल्सनचा स्वर्गपक्षी. चिमणीहून थोडा मोठा, पाठ लाल, मानेवर पिवळा चौकोन, डोक्यावर पिसे नसलेले झगझगीत निळे टक्कल आणि शेपटीत जांभळ्या तारेची दोन वेटोळी. तो झाडावर नाचत नाही. जमिनीवरचा लहानसा चौक निवडतो आणि तिथले प्रत्येक पान, प्रत्येक काडी चोचीने उचलून बाहेर फेकतो. झावळ्यांच्या आडोशात शिरण्यापूर्वी वाटाडे कधीकधी त्या चौकात मुद्दाम चार वाळकी पाने टाकून ठेवतात. थोड्या वेळाने पक्षी येतो, पाने पाहतो, जोरात ओरडून आपली नाराजी जाहीर करतो आणि एकेक पान उचलून पुन्हा झाडलोट करायला लागतो. आडोशाच्या आत बसलेल्यांना हसू दाबणे कठीण जाते.